पाठीवरची हवा

अण्णा, मी पाण्याखाली श्वास घ्यायची टाकी विकत घेतली आहे. ऐकून सगळ्यात आधी तुम्हीच हसला असतात, म्हणून सगळ्यात आधी तुम्हालाच सांगतो. पाठीवर बांधायची, जाड धातूची, जमिनीवर उभी केली तर माझ्या मांडीला लागेल एवढी. आत ऑक्सिजन नाही. हे मी आता पाठ केल्यासारखं म्हणतो, कारण गेले काही महिने जो भेटेल तो "म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर ना?" असं विचारतो, आणि मी सांगतो, "नाही, साधी हवा, दाबून भरलेली. आपण आत्ता फुकट घेताय तीच." मग पुढचा प्रश्न ठरलेला: पुण्यात समुद्र कुठे आहे? पुण्यात बर्फही नाही. तरी लोक हिमालयात चढायला जातात, त्यांचे बूट इथल्याच दुकानांत घेतात आणि गॅलरीत वाळत घालतात. त्यांना कोणी विचारत नाही. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने हवेची टाकी घेतली की सोसायटीच्या लिफ्टमधल्या शेजाऱ्यालाही त्यात बोलायचा अधिकार मिळतो.

मी अजूनही गेजेस दुरुस्त करतो. दाब मोजायची, काट्याची, गोल तबकडीची. तुम्ही असतानाच ते दुकान सुरू झालं होतं, तुम्ही एकदा येऊन स्टुलावर बसून चहा पिऊन गेला होतात आणि जाताना म्हणाला होतात, "चांगलंय. निदान खिळे ठोकत नाहीस." आता लोणी काळभोरच्याही पुढच्या कारखान्यांची गेजेस माझ्याकडे येतात. कोणत्याही कॉलेजाने मला हे शिकवलेलं नाही. जुनी गेजेस उघडली, मोडली, परत जोडली, इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. मी डिप्लोमा अर्धवट सोडून घरी आलो त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून आमटी भुरकत होतात. आईला म्हणालात, "ह्याला शिकवता येत नाही. मागे कोणी उभं राहिलं की ह्याचं डोकं बंद पडतं." आणि परत आमटी वाढायला सांगितलीत. मी दारात उभा आहे आणि तुम्हाला मीठ कमी वाटतंय. अण्णा, माझ्या मागे पहिल्यांदा कोण उभं राहिलं होतं, हे तुम्हाला त्या क्षणी आठवलं नाही याचा मला अजून राग आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको मालवणला गेलो. तिथे होडीतून नेऊन पाण्याखाली उतरवतात. पोहता आलं नाही तरी चालतं. ज्या तरुणाने मला उतरवलं तो म्हणाला, "काका, तुम्ही फक्त श्वास घ्या, बाकी मी बघतो." आणि त्याने मागून माझ्या टाकीचा गळा धरला. मांजरीने पिल्लाला धरावं तसा. तो नेईल तिकडे मी. डावीकडे बघायचं असलं तरी मान तेवढी वळायची, अंग त्याच्या मुठीत. मी संतापाने फसफसत होतो आणि तेवढ्यात माझ्या तोंडासमोर एक तळहाताएवढा पिवळा मासा येऊन थांबला. तो मला बघत होता. मला माझ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, आत घेतलेला, बाहेर सोडलेला, एखाद्या चांगल्या यंत्रासारखा. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकलाच नव्हता. वर आल्यावर अंग पुसता पुसता बायकोला म्हटलं, "मी हे शिकणार. नीट. कोणी मानगूट न धरता."

ती म्हणाली, "अहो, पण तुमचं आणि पाण्याचं तर..."

"पाण्याशी माझं काही भांडण नाही," मी म्हणालो. "मागे उभं राहणाऱ्यांशी आहे."

ती हसली. धायरीच्या विहिरीची गोष्ट तिला ठाऊक आहे. आमच्या लग्नातच तुम्ही ती तिच्या माहेरच्या माणसांना पंगतीत सांगितली होती, जिलबी वाढणाऱ्यालाही थांबवून.

पुण्यात हे शिकवणारे आहेत, अण्णा. पोहण्याच्या तलावात शिकवतात आणि मग समुद्रावर नेऊन परीक्षा घेतात. मला शिकवायला जी मिळाली ती माझ्या मुलीच्या वयाची, आवाज खणखणीत, बोलणं अर्धं इंग्रजी. पहिल्या दिवशी पोहून दाखवायचं होतं. त्या विहिरीनंतर मी पोहलोच नव्हतो. काठाला धरून उभा राहिलो, मनात म्हटलं, आता शोभा होणार. झाली नाही. अंगाने आपलं आपण केलं. हात पडत गेले, तोंड बाजूला वळत गेलं, आणि मी पलीकडे पोचलो. वर बघतो तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"काका, स्टॅमिना मस्त आहे. पण हा कुठला स्ट्रोक? उजवा हात लांब जातो आणि डावा असा आखडलेला. काखेत काही बांधल्यासारखा. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "माझं मी शिकलो."

काखेत काय बांधलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. काथ्या. धायरी तेव्हा गाव होतं, आपण रविवारी सायकलवरून जायचो, मी पुढच्या दांडीवर, आणि मागच्या कॅरिअरला तो गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, तोंड झाळून बंद केलेला. विहिरीच्या पायऱ्यांवर तुम्ही तो माझ्या पाठीवर ठेवता, काथ्या छातीवरून घेता, आणि गाठ नेहमी डाव्या काखेखाली मारता, कारण तुम्ही डावखुरे आणि मी तुमच्याकडे पाठ करून उभा. ती गाठ मला कापते. मी सांगतो, कापतेय. तुम्ही म्हणता, "सैल बांधला तर डबा पोहेल, तू नाही." त्या डब्यावर माझा किती विश्वास होता म्हणून सांगू. देवावर नव्हता तेवढा. पाण्यात पडलं की तो मला उचलायचा, मी त्याचा धक्का पाठीवर ओळखायचो. तुम्ही कचेरीत नकाशे काढायचात, तुमची रेघ कधी हलायची नाही. आणि हा डबा तुमच्या हातचा होता. एवढं मला पुरेसं होतं.

त्या रविवारी तुम्ही विहिरीत एक लिंबू फेकलंत आणि म्हणालात, "आण." मी लिंबामागे गेलो. ते हाताने ढकललेल्या पाण्याबरोबर पुढे पुढे पळत होतं. कडेच्या दगडावर गावातली चार माणसं पाय सोडून बसली होती, एकजण ओरडला, "हाय तिथंच हाय, मार हात!" मी हात मारले. लिंबू धरलं, तोंडात दाबलं, परत आलो. पायरीवर उभा राहताच मागे झुकलो. पाठ जड झाली होती, दगड ठेवल्यासारखी. तुम्ही गाठ सोडलीत, डबा उचललात, सगळ्यांसमोर उलटा केलात आणि त्याच्या भोकातून पाण्याची धार लागली. "बघा," तुम्ही म्हणालात, "हा डब्यावर तरंगत नव्हता. डबा ह्याच्यावर तरंगत होता!" विहीर हसली, अण्णा. विहिरीत हसू घुमतं, ते वर जायला वेळ लागतो. मी लिंबू तोंडात धरून उभा होतो.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी दुकानात एका गेजमध्ये ग्लिसरीन भरत होतो. काटा थरथरू नये म्हणून तबकडीत भरतात. एका भोकातून भरायला गेलं की जात नाही, बुडबुडा अडकून बसतो. हवेला निघायला दुसरी वाट लागते. पिचकारी हातात धरून मी तसाच थांबलो. म्हणजे डब्याला एक भोक नव्हतं. दोन होती, एक खाली, एक वर. चुकून झिजून पडलेलं भोक नव्हतं, तुम्ही विचार करून, कंपासच्या टोकाने, नेमक्या जागी पाडलेली दोन. आणि बुजवली होतीत कपडे धुवायच्या साबणाने, पाण्यात हळूहळू विरघळेल अशा बेताने. त्या सकाळी आई न्हाणीघरात साबणाचा तुकडा शोधत होती ते मला तेव्हा आठवलं. लिंबूसुद्धा कारस्थान होतं. माझं लक्ष डब्याकडे जाऊ नये म्हणून.

तुम्ही आजारी होतात तेव्हा मी एकदा विचारलं. उशाशी बसून मोसंबं सोलत होतो. म्हटलं, "अण्णा, दोन पाडली होतीत ना?" डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "मग? एकाने भरला असता का?"

एवढंच. तुला सांगायला हवं होतं असं नाही, घाबरला होतास का असंही नाही. माझ्या मोजमापातली चूक काढल्यासारखं उत्तर. मी मोसंब्याची साल खाली टाकली आणि बाहेर निघून गेलो, आणि तुम्ही गेलात त्याच महिन्यात, म्हणजे ते भांडण करायचंच राहिलं. वीस वर्षं होऊन गेली. ते आता इथे करतोय.

तर शिकणं नीट चाललं होतं. तोंडातली नळी काढून परत लावणं, चष्म्यातलं पाणी नाकाने बाहेर फुंकणं, सगळं मी इतरांपेक्षा आधी केलं, आणि का करायचं तेही विचारलं, ज्याचा तिला त्रास झाला. मग एके दिवशी ती म्हणाली, "आज एअर बंद करायची. मी मागून तुमच्या टाकीचा व्हॉल्व बंद करणार. दोन-तीन श्वास मिळतील, मग ओढायला जड होईल, मग येणार नाही. तुम्ही गळ्यावर असा हात फिरवायचा, मी लगेच उघडणार. पाणी छातीएवढंच आहे, काही झालं तरी उभे राहू शकता. ओके?"

मी म्हटलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "हवा संपते तेव्हा कसं वाटतं, हे अंगाला माहीत असायला हवं. हे केल्याशिवाय पास झाल्याचं कार्ड नाही, काका. आणि कार्डाशिवाय कोणीच तुम्हाला टाकी भरून देत नाही."

आम्ही पाण्याखाली गुडघे टेकून बसलो. ती माझ्या मागे गेली. मला तिचा हात टाकीच्या मानेशी आल्यासारखा वाटला, आणि हवा बंद. एक श्वासही नाही. दोन-तीन श्वास मिळतील म्हणाली होती, एकही नाही! मी गळ्यावरून हात फिरवला आणि तेवढ्यावर न थांबता उभाच राहिलो, नळी थुंकून टाकली आणि तिच्यावर ओरडलो, की सांगितलं एक आणि केलं एक.

तिने माझं गेज धरून माझ्या डोळ्यांसमोर आणलं. काटा जिथे असायला हवा तिथे होता. भरलेला. "काका," ती हळू म्हणाली, "मी अजून हातच नाही लावला."

मी आयुष्यभर काट्यावर पोट भरलेला माणूस. गिऱ्हाईक म्हणतं यंत्रात दोष आहे आणि मी म्हणतो, माणसाचं ऐकू नका, काट्याचं ऐका. आणि त्या दिवशी मी त्या पोरीला सांगितलं की तुमचं गेज खोटं आहे. गेज नाही तर टाकी. भाड्याची टाकी, कोण भरतं, कोण तपासतं, आत काय आहे कोणाला माहीत. दुसऱ्याने बांधलेल्या डब्यावर मी पुन्हा भरवसा ठेवणार नाही. माझी टाकी मी घेईन, मी तपासेन, मी पाठीवर घालीन. मग बघू हवा कशी बंद होते.

"घ्या ना," ती म्हणाली. "पण एअर बंद करायचं ड्रिल तरीही करावंच लागेल हां."

टाकी निवडणं हे काम माझ्यासारख्याचंच आहे, हे मात्र मी अभिमानाने सांगतो. दोन जाती असतात. पोलादाची आणि ॲल्युमिनियमची. पोलादाची पाण्यात जड राहते, भरलेली असो की संपत आलेली. ॲल्युमिनियमची गंमत अशी की भरलेली असताना खाली जाते आणि हवा संपत आली की हलकी होऊन वर ओढायला लागते. हवेलाही वजन असतं, ते निघून गेलं की एवढा फरक पडतो. मी ठरवलं, पोलादाचीच. रिकामं झालं की वर ओढणारं काही मला पाठीवर नको होतं, ते कोणामुळे ते तुम्हाला सांगायला नको. शिकवणारी म्हणाली, आपल्याकडे सगळे ॲल्युमिनियम वापरतात, खाऱ्या पाण्यात पोलाद गंजतं. मी म्हटलं, गंज निष्काळजी माणसाला येतो.

एक तरुण परदेशी चालला होता म्हणून आपलं सामान विकत होता. त्याच्याकडे दोन्ही होत्या. पत्ता धायरीचा निघाला. मी दोन बसगाड्या बदलून गेलो, पिशवीत नट खोलायचे पाने, दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा, आणि तारेच्या टोकाला बसवलेला बारीक दिवा, जो मी खास या कामासाठी बनवला होता. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीतून मी खाली बघितलं. विहीर कुठे असेल याचा अंदाज घेत होतो, चिंचेचं झाड होतं, ओढा होता. खाली सगळे पार्किंगचे पत्रे. मी त्याला विचारलं, इथे विहीर होती ना? तो म्हणाला, "विहीर? काका, इथे तर टँकर येतो."

पोलादाची टाकी त्याने कौतुकाने पुढे केली. "एकदम मिंट कंडिशन. मी पूर्ण रिकामी करून, व्हॉल्व ओपन करून ठेवलीय, सेफ्टी म्हणून."

"व्हॉल्व उघडा ठेवलात?" मी विचारलं. "किती दिवस?"

"असेल वर्षभर. का?"

अण्णा, टाकी पूर्ण रिकामी ठेवायची नसते. आत थोडी कोरडी हवा राखून तोंड बंद ठेवायचं असतं, म्हणजे बाहेरची दमट हवा शिरत नाही. पाना लावून मी व्हॉल्व काढला, दिवा आत सोडला, आणि आत लाल गंज, पावसाळ्यात राहिलेल्या कढईसारखा. मी त्याला आरशात दाखवला. तो म्हणाला, "थोडासा पॅच आहे." मी म्हटलं, "राजे, हा पॅच कोणाच्या तरी फुप्फुसात जाणार होता. ती भंगारात द्या, आणि देण्याआधी मध्ये भोक पाडून द्या, म्हणजे कोणी भरणार नाही." त्याचा चेहरा उतरला. चांगला मुलगा होता, पण निष्काळजीपणाला सेफ्टी म्हणणं मला सहन होत नाही.

ॲल्युमिनियमच्या टाकीत थोडी हवा होती. खांद्यावर कोरलेले आकडे वाचले, दाबाच्या चाचणीचा शिक्का अजून चालू होता. व्हॉल्व जरासा उघडून हवा नाकावर घेतली. तेलाचा वास नाही, रबराचा नाही. मग ती गॅलरीत नेऊन सावकाश सोडायला लागलो, आणि जोराचा फुस्स आवाज होताच शेजारच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "अहो, गॅस! गॅस बंद करा, आमच्याकडे लहान मूल आहे!"

"हवा आहे हो," मी म्हणालो. "त्याला पण घेऊ द्या, धायरीत आता इतकी चांगली मिळत नाही."

आत दिवा सोडला. चकचकीत. मानेच्या आट्यांवर आरसा फिरवून केसाएवढी चीर शोधली, नव्हती. मला दोष सापडेना, आणि मी फार शोधला. शेवटी ती, मला नको असलेल्या जातीची, संपत आली की तुमच्या डब्यासारखी वर ओढणारी टाकी मी रिक्षात मांडीशी धरून घरी आणली. बायकोने दारातच तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुंकू लावू का?" लावलंही.

तिच्या कार्डावर त्या टाकीत हवा भरली तेव्हा मी कंप्रेसरजवळ उभा होतो. गेज माझं, तपासून घेतलेलं. टाकी माझी. व्हॉल्व मी साफ केलेला. आम्ही परत पाण्याखाली गुडघे टेकले, तिने बोटाने दाखवलं की आता मी मागे जाते, ती मागे गेली, आणि माझी हवा बंद झाली. मी काट्याकडे बघितलं. भरलेला. माझा काटा, माझ्या हातचा. आणि छाती आत ओढतेय आणि काही येत नाही. मी उभा राहिलो. तिने दोन्ही हात वर करून दाखवले, याही वेळी लावले नव्हते. दोष द्यायला आता काहीच उरलं नव्हतं.

काठावर बसलो. टॉवेल डोक्यावर. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काका, होतं असं. काही लोकांना नाही जमत. टाकी विकून टाका, चांगली किंमत येईल."

मला किती राग आला म्हणून सांगू. तिचा नाही. मी तिला म्हणालो, "तुम्ही सांगता ना, आता बंद करते, तिथे सगळं बिघडतं. सांगू नका."

"तसं नाही चालत. आम्हाला आधी सांगावंच लागतं. न सांगता केलं तर विश्वास जातो स्टुडंटचा."

"जातो," मी म्हणालो. "पन्नाशी उलटली तरी परत येत नाही. ते मला माहीत आहे. पण मी स्वतः मागतोय. आजच्या तासात कधीतरी करा. केव्हा ते सांगू नका. एवढं चालेल?"

ती म्हणाली, "आजच्या तासात कधीतरी. तुमची परमिशन आहे. उथळ भागातच. ओके."

आम्ही पोहत होतो. म्हणजे ती मागे कुठेतरी आणि मी पुढे, तळाच्या निळ्या फरशांवरून. एका फरशीच्या फटीत केसांची पिन पडलेली दिसली, काळी, वाकडी. मी ती काढायला गेलो. बोटांत येईना, पाणी तिला हलवत होतं. नखाने उचकटली. तेवढ्यात श्वास जरा जड लागला, घट्ट लस्सी स्ट्रॉने ओढावी तसा. मी काट्याकडे बघितलं. काटा पडत होता. मी म्हटलं, अच्छा, हे असं होतं तर. पुढचा श्वास आलाच नाही. मी एका हातात पिन धरून दुसरा गळ्यावरून फिरवला, आणि हवा परत आली. गार, कोरडी, बिनवासाची, मी निवडलेल्या टाकीतली. ती पिन तिनेच टाकली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

यावरून तुमचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, अण्णा. हे नीट ऐका, परत कुठेतरी सांगत सुटाल. मी मागितलं होतं. विहिरीत मी मागितलं नव्हतं, तुम्ही विचारलं नव्हतंत, आणि वर सगळ्यांसमोर डबा उलटा केलात. शिकवलंत ते एकदा आणि हसलात ते दर लग्नात. मला आधी सांगितलं असतंत तर मी पायरीवरच बसून राहिलो असतो, हे मला आता कळतं. पण हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं, मोसंबं सोलत असताना, एका वाक्यात.

टाकी आता बैठकीत कोपऱ्यात उभी आहे, आत थोडी हवा राखून. पुढच्या महिन्यात समुद्र आहे. पत्ता असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते पंगतीत वाचून दाखवलं असतंत. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. त्या दिवशी कपडे बदलून निघताना तिने परत विचारलं, "काका, खरंच सांगा ना, तो डावा हात. कोणी शिकवलं पोहायला?"

मी म्हणालो, "वडिलांनी."

"कसं?"

"न सांगता," मी म्हणालो.